मावशीच्या नावाचा मेल

सगळे बाहेर होते आणि मयूरी आत होती.

दारातून पांढरा धूर येत होता. धूर म्हणायचा, पण तो धूर नव्हे, अमोनिया. दूध थंड करायच्या मशीनमध्ये जो गॅस असतो तो. चुलीचा धूर वर जातो. हा जमिनीवरून सरपटत, एकेक पायरी उतरत आमच्याकडे येत होता. डोळ्यांत कोणी मिरचीची पूड फुंकावी तसं झालं होतं. बाळाराम तोंडावर मास्क चढवत होता पण घाईत पट्टा बकलात जाईना. दांडेकरसाहेब फोनवर अग्निशमनवाल्यांना पत्ता सांगत होते... आणि घाबरून स्वतःच्या पुण्याच्या घराचा सांगत होते.

"मयूरी कुठं हाय?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली, मग दाराकडे बघितलं. दार दिसतच नव्हतं.

"आत हाय ती," बाळाराम मास्कच्या आतून म्हणाला. "मी जातो."

"तू गेलास तर तुला आणायला कोन जाईल?" मी म्हटलं. पण त्याला अडवायला हात पुढे केला नाही. खरं सांगायचं तर, त्याने जावं असंच मला वाटत होतं.

आता हे असं का झालं आणि आम्ही सगळे त्या वेळी बाहेर का होतो, ते सांगते. कारण गॅस फुटला तो आम्ही बाहेर आल्यानंतर. त्याच्या आधी कसला वास नव्हता, कसला आवाज नव्हता. आम्हाला बाहेर बोलावलं होतं. बोलावलं मी, असं सगळे म्हणतात. मी बोलावलेलं नाही.

मी सगुणा. शिक्षण चौथी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर आमची वाडी आहे, तिथली. जन्म गुरांत गेला. म्हशी म्हाताऱ्या झाल्या, मी पण झाले, मग खाली उतरले आणि या दूध शीतकरण केंद्रात चहा-पाणी आणि झाडलोटीला लागले. महाडहून पोलादपूरकडे येताना हायवेच्या आतल्या बाजूला आमचं केंद्र आहे. डोंगरावरच्या वाड्यांचं दूध सकाळी टेम्पोने येतं, इथे थंड होतं आणि टँकरने पुढे जातं. हे मी हाताने लिहिलं आहे आणि मयूरीने टाइप करून या वेबसाइटवर टाकलं आहे. तिला सांगून ठेवलंय, माझ्या लिहिण्यात साखर घालायची नाही.

इथे लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात. मयूरी मला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवते. पिंपळावरची बाई, घाटातला म्हातारा, पाय उलटे... मी हसते. हरवलेली म्हैस शोधायला मी अमावास्येला रान तुडवलं आहे. मला रानात माणसाशिवाय वाईट काही भेटलं नाही. देवाला नमस्कार करते, पण त्याने माझं काम करावं अशी अपेक्षा ठेवत नाही. तेव्हा हे वाचून कोणी मला "मावशी, तुमच्यात काहीतरी आहे" असं लिहू नका. माझ्यात संधिवात आहे. बाकी काही नाही.

मयूरी आमच्याकडची कॉम्प्युटरवाली. मूळची पाचाडची. तिच्या आईबापाची तिथे गडावर जाणाऱ्या लोकांसाठी छोटी खानावळ आहे. पोरगी हुशार, पण जेवायची शुद्ध नाही. कॉम्प्युटरसमोर बसली की डबा तसाच. माझं अर्धं आयुष्य गुरं हाकण्यात गेलं आणि उरलेलं तिला जेवायला उठवण्यात चाललंय.

तिच्या खोलीत काळं कपाट आहे. त्यात सर्व्हर. सगळ्या ऑफिसचा मेल त्यातून जातो-येतो. खोलीला काचेचं दार, आत कायम एसी. त्या खोलीत बसलेल्या माणसाला बाहेर ढोल वाजवले तरी ऐकू येत नाही.

तर झालं असं की आमच्या मशीनी मेल पाठवतात. हे मला पण नवीन होतं. दुधाच्या टाकीला एक यंत्र लावलंय, ते दूध किती थंड आहे हे स्वतःच मेल करून वरच्या ऑफिसला कळवतं. गेटवरचा कॅमेरा कळवतो. कागद वाचायचं मशीन आहे, ते पण पाठवतं. पण वरच्या ऑफिसला ते मिळेनात. तिकडच्या साहेबांचे रोज फोन — तुमच्या दुधाचा रिपोर्ट नाही, टँकर उतरवून घ्यायचा की नाही? आणि शिव्या खायला मयूरी.

एक दिवस मी चहा घेऊन गेले तर ती डोकं धरून बसलेली.

"काय झाला गो?"

"मावशी, ही मशीनं मठ्ठ आहेत. मेल पाठवतात, पण वर कोणाकडून ते लिहीत नाहीत. तारीख पण नाही. पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर पुढचा माणूस घेईल का? त्याला हेडर म्हणतात. ते अर्धवट आहे, म्हणून तिकडचा सर्व्हर आपले मेल फेकून देतो."

"बरोबर करतो."

"तुम्ही त्याच्याच बाजूने!"

"मग काय गो. आमच्या वाडीवर या डोंगरावरनं त्या डोंगरावर हाळी घालायची तर आधी आपला नाव, मग वाडीचा नाव, मग कोनाला हाक हाय त्याचा नाव. मागनं काम. नाव न सांगता कोन हाळी घालीत बसला, तर आमी ओ देत नाय. मरू दे बोंबलून."

"का? भूत असेल म्हणून?"

"भूत कसला! दारू पिलेला असतो. नायतर लगीन मोडलेला."

ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "हेच करते. ज्या मेलवर नाव नाही, त्यावर सर्व्हरनेच नाव घालायचं. तारीख नसेल तर तारीख घालायची. मग पुढे पाठवायचा." आणि खटाखट काहीतरी लिहायला लागली. मी कप उचलायला थांबले होते. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत खोडी आली.

"मावशी, टेस्टिंगला काहीतरी नाव लागेल. तुमचंच घालते."

"घाल. तेवढा तरी नाव होईल."

मला वाटलं गंमत करते. तिने खरंच घातलं. सगुणामावशी, असं. थोड्या वेळाने टाकीच्या यंत्राने मेल पाठवला, सर्व्हरने त्यावर माझं नाव चिकटवलं आणि तो वरच्या ऑफिसला पोचला. तिकडच्या साहेबांनी इंग्रजीत उत्तर पाठवलं. मयूरीने वाचून दाखवलं — मॅडम, तुमचा रिपोर्ट मिळाला, आभारी आहोत.

मला जन्मात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं, आणि ते दुधाच्या टाकीमुळे.

मग हे ऑफिसभर झालं. बाळाराम म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारा, दासगावचा, तोंडाचा सैल. तो येता-जाता म्हणायचा, "मॅडम, आज दूध किती थंड हाय?" मी म्हणायची, "तुज्या डोक्यापेक्षा थंड." हिशेब बघणारी वैशाली मला खुर्ची द्यायला लागली. केंद्राचे मॅनेजर दांडेकरसाहेब तेवढे वैतागले. "मयूरी, ते नाव काढ. ऑफिस आहे हे." मयूरी म्हणाली, "हो सर, बदलते." पण काम चालू झालं होतं, रिपोर्ट पोचत होते, शिव्या थांबल्या होत्या. चालणाऱ्या बैलाला कोण थांबवतो? नाव तसंच राहिलं.

आता तो दिवस.

दिवाळी होऊन गेली होती. ऊन चांगलं होतं. सकाळचं दूध आत घेऊन झालं होतं, टँकर यायचा होता. जेवण झाल्यावर सगळे जरा सैल बसलेले. मी इमारतीच्या पुढे, आवारात, नळावर किटली घासत होते. एरवी मी मागच्या मोरीवर घासते. चहाच्या खोलीतून मागे दार आहे, तिथे माझी मोरी. पण त्या दिवशी मोरी तुंबली होती, म्हणून पुढे आले होते. हे लक्षात ठेवा.

दार धाडकन उघडलं आणि वैशाली बाहेर. चप्पल एका पायात. "मावशी, काय झालं? साप आहे का?"

"कुठं?"

तोवर दूध तपासायच्या लॅबमधले दोघे आले. मग दांडेकरसाहेब, हातात फोन. मग बाळाराम, कॉम्प्रेसरच्या खोलीतून, हात पुसत.

"काय मावशी, कशाला बोलावलंत?" साहेब म्हणाले.

"मी कोनाला बोलावला?"

"मेल केलात ना तुम्ही!"

मी किटली खाली ठेवली. "साहेब, माज्याकडं बटनाचा फोन हाय. तो उचलाया येतो, एवढाच."

साहेबांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. वर माझं नाव. सगुणामावशी. खाली मराठीत एकच ओळ. मला चौथीपुरतं वाचता येतं, मी वाचलं.

सगली भायेर या. बसू नका.

"हे बघा," साहेब म्हणाले. "सगळ्यांना आलाय."

"बाळाराम," मी म्हटलं, "ही तुजी थेरं."

"आईशप्पथ नाय मावशी! मी तर काम सोडून आलो. वाटला तुमाला चक्कर-बिक्कर आली."

"चक्कर आल्यावर मेल करत बसीन काय मी?"

"तुमचा काय नेम नाय. तुमी मॅडम."

वैशाली हसायला लागली. लॅबचे दोघे म्हणाले, मेल आला तेव्हा दोघांच्या मनात एकच आलं — मावशी बाहेर या म्हणतेय तर गेलेलं बरं, नाहीतर उद्या चहा मिळायचा नाही. साहेब चिडले होते, पण ते पण आले होते. हे मला नंतर पुष्कळदा आठवलं. तोच मेल नावाशिवाय आला असता, तर एक माणूस उठला नसता. दांडेकरसाहेबांचं नाव असतं तरी म्हणाले असते, जाऊ जरा वेळाने. माझं नाव होतं म्हणून चप्पल न घालता आले. यात माझा मोठेपणा नाही. ज्याच्या हातात चहा असतो त्याचं सगळे ऐकतात.

"मयूरी कुठाय?" साहेब म्हणाले. "हे तिचंच काम आहे. बोलवा तिला."

मयूरी आली नव्हती. आणि तिचं न येणं बरोबरच होतं. मेलवर माझं नाव बघून बाकीचे उठले. तिने बघितलं आणि ती बसली. कारण तिला एकटीला ठाऊक होतं की ते नाव सर्व्हरने चिकटवलंय. म्हणजे मेल आला तेव्हा त्यावर नावच नव्हतं. मग कोणत्या मशीनचा? मशीनला मराठी कुठून आली? ती शोधत बसली. काचेचं दार बंद, एसी चालू.

मी तिच्या खिडकीच्या दिशेने तोंड केलं. डोंगरावरची सवय आहे, आवाज बरा लागतो. जोरात ओरडले —

"गो मयुरे! तुला काय येगला आवतान देऊ?"

रोज जेवायला उठवताना मी तिला हेच म्हणते, म्हणजे तुला काय वेगळं आमंत्रण हवं का. ती काही आली नाही. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. ऐकू जाणं शक्य नव्हतं.

बाळाराम म्हणाला, "मी आनतो जाऊन," आणि पायरीकडे वळला.

तेवढ्यात आत काहीतरी फुटलं.

स्फोट नव्हे. मोठ्या कुकरची शिट्टी उडावी तसा आवाज, पण संपेचना. मग दारातून ते पांढरं बाहेर आलं. बाळाराम ओरडला, "अमोनिया! वाऱ्याच्या वाटंत नका थांबू, या अंगाला या, या अंगाला!" आम्ही सगळे कुंपणाकडे पळालो. मी या वयात पळाले. किटली घेऊन पळाले, का ते विचारू नका.

आतल्या बोळाच्या छतावरून गॅसचा पाइप जातो. त्या बोळाच्या एका तोंडाला कॉम्प्रेसर, दुसऱ्या तोंडाला मयूरीची खोली, मध्ये वैशालीचं टेबल आणि लॅबचं दार. पाइप फुटला तो मधोमध. नंतर आलेल्या इंजिनियरने सांगितलं, बोळात जो असता त्याला दाराची दिशा सुद्धा कळली नसती.

आणि मग मी सुरुवातीला सांगितलं ते. बाळारामचा मास्क, साहेबांचा पुण्याचा पत्ता, आणि न दिसणारं दार.

बाळारामचा पट्टा शेवटी मीच लावला. त्याने ओलं फडकं मानेभोवती गुंडाळलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा. आनि लवकर ये." तो पायरीपर्यंत पोचला. एक पाय वर ठेवला.

"अहो मावशी! तुम्ही पुढे काय करताय? मी मागे शोधतेय तुम्हाला!"

मयूरी. इमारतीला वळसा घालून, फणसाच्या बाजूने, लॅपटॉप छातीशी धरून येत होती. आणि हसत होती! चार पावलं आली, मग तिला पांढरं दिसलं, वास लागला, आणि हसू तोंडातच राहिलं.

"बाळाराऽऽम!" मी ओरडले. "मागं फिर! पोर हितं हाय!"

तो पायरीवरूनच उलटा फिरला. मास्क होता म्हणून त्याला ऐकू आलं की नाही शंका होती, पण माझा आवाज म्हशीला दरीपलीकडे ऐकू जातो, त्याला गेला. मग त्याच मास्कनिशी तो बाहेरून फिरून गॅसच्या टाकीकडे गेला आणि तिथला मोठा व्हॉल्व्ह बंद केला. थोड्या वेळाने शिट्टी बारीक झाली आणि थांबली.

मी आधी मयूरीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग पाणी दिलं. मग परत एक घातला.

"मला का मारताय?" ती रडत म्हणाली. "तुम्हीच तर बोलावलंत!"

"कदी?"

तिने लॅपटॉप उघडला. आवारात, कुंपणाला टेकून, डोळ्यांतून पाणी गळत असताना. आधी सगळ्यांना आलेला मेल दाखवला. मग त्याच्या वरचा. तो तिला एकटीला आलेला. वर माझं नाव. खाली —

गो मयुरे, तुला काय येगला आवतान देऊ?

तिने सांगितलं, ती पहिल्या मेलचा माग काढत बसली होती. तेवढ्यात हा आला. वाचला आणि फिस्सकन हसू फुटलं. वाटलं, मावशीने कोणाला तरी धरून ही गंमत केली आहे, आता तिला रंगेहाथ पकडते. लॅपटॉप उचलला आणि माझ्या मोरीकडे निघाली, कारण त्या वेळी मी मोरीवर असते. खोलीच्या शेजारीच चहाची खोली, तिथून मागचं दार. मोरीवर मी नव्हते. ती मला शोधत मागे उभी असताना पुढे पाइप फुटला.

ती बोळातून आली असती तर नेमकी पाइपाखाली सापडली असती. खोलीत बसून राहिली असती तर गॅसने आतच कोंडली असती.

वैशाली पांढरी पडली. "मावशी, हेच तर तुम्ही आत्ता ओरडलात. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. असंच्या असं."

"मी वरडले," मी म्हटलं. "पन मेल मी केला नाय."

"मग कोणी केला?"

मी किटलीत उरलेलं पाणी तिच्या हातावर ओतलं आणि डोळे धू म्हटलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. अग्निशमनची गाडी आली, साहेबांनी दुसऱ्या फोनवर खरा पत्ता सांगितला होता. पाणी मारलं. दूध गेलं. आमच्या डोळ्यांत दवाखान्यात औषध घातलं आणि घरी सोडलं. त्या गडबडीत मेलचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. केंद्र परत सुरू झालं, नवा पाइप बसला, तेव्हा वरच्या ऑफिसने विचारलं — पाइप फुटायच्या आधी माणसं बाहेर कशी?

त्यांना वाटलं कोणाला तरी आधी कळलं होतं आणि त्याने लपवलं. शंका बाळारामवर. तो उखडला. "मला कळला असता तर मी व्हॉल्व्ह बंद केला असता, मेल कशाला करीन? आनि मावशीच्या नावानं? मला काय शिव्या खायची हौस हाय?" ते सगळ्यांना पटलं.

मग पुण्याहून एक तज्ज्ञ आला. शांत माणूस, चष्मा. सर्व्हर उघडून बसला, माझा चहा पीत राहिला. मयूरी त्याच्या बाजूला. मी आत-बाहेर करताना कानावर पडायचं ते सांगते. मेल कुठून आला हे सर्व्हर लिहून ठेवतो, जसं ट्रकने कुठला नाका ओलांडला ते कळतं. बाहेरून आलेल्या मेलवर बाहेरचे नाके असतात. आमच्या मशीनींच्या मेलवर त्या मशीनीचा नंबर असतो. या दोन मेलवर काहीच नव्हतं. नाव नाही, तारीख नाही, नाका नाही. सर्व्हरच्या आतच उगवले. नाव आणि तारीख सर्व्हरने घातली, मयूरीने शिकवलं होतं तशी. तारीख-वेळ बरोबर. पहिला मेल पाइप फुटायच्या आधीचा. दुसरा त्याच्या मागोमाग, तो पण फुटायच्या आधीचा.

"गॅस कळायचं यंत्र असतं ना, त्याने पाठवला असेल," तज्ज्ञ म्हणाला.

मयूरी उठली, फळीवरून एक खोका काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. आमचं गॅस कळायचं यंत्र. आलं होतं, लावायचं राहिलं होतं. खोक्याची पट्टी सुद्धा फोडलेली नव्हती.

त्याने खोका उलटा करून बघितला. परत सरळ केला. मग मला विचारलं, "मावशी, तुम्ही त्या वेळी काय करत होता?"

"किटली घाशीत होते."

"आणि मनात काय होतं?"

"मोरी तुंबली हाय, ती कोन काडनार, हा होता."

त्याने लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे. जाताना म्हणाला, पंधरा वर्षं हेच काम करतो, असं बघितलं नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, चहा चांगला पिता.

खरा वैताग नंतर झाला. गोष्ट पसरली. आमच्याकडे दूध घालणारे वाडीवाले, त्यांच्या बायका, सगळ्या माझ्या ओळखीच्या. एक आली, नारळ घेऊन. "सगुणे, तुज्या अंगात आला ना गो?" मी म्हटलं, "माज्या अंगात आला तर मी आधी तुजा उधारीचा तूप मागेन." नारळ ठेवून घेतला, चटणी केली. दुसरी आली तिच्या सुनेला घेऊन, मूल होत नाही म्हणून. तिला महाडच्या डॉक्टरीणबाईचं नाव सांगितलं आणि तुझ्या मुलाला पण तपासायला ने म्हटलं. ती रागावून गेली. गेली तर गेली.

बाळाराम अजून सुधारला नाही. कॉम्प्रेसरच्या खोलीत जाताना रोज विचारतो, "मॅडम, आज मेल हाय काय? नाय ना? मग जातो." हसत विचारतो. पण उत्तर ऐकल्याशिवाय आत पाय टाकत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. मी पण उत्तर देते. "नाय. जा." बोलायला काय जातं.

दांडेकरसाहेबांनी नाव काढायला सांगितलं नाही पुन्हा. उलट मयूरी स्वतः म्हणाली, "सर, आता ते नीट करते, मशीनचं नाव मशीनला देते." तेव्हा साहेब फाइलमध्ये बघत म्हणाले, "राहू दे. काय घाई आहे." वरच्या ऑफिसला अजून रोज माझ्या नावाने दुधाचा रिपोर्ट जातो. तिकडे नवीन साहेब आलेत, त्यांना वाटतं सगुणा मॅडम म्हणून कोणी मोठ्या अधिकारी आहेत. त्यांनी मला मीटिंगला बोलावलं होतं. मयूरीने कळवलं, मॅडम बिझी आहेत.

मी पुष्कळ विचार केला, असं नाही. मला भांडी असतात. पण कधीकधी मयूरीला उठवायला जाते, तिच्या काळ्या कपाटावरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात, तेव्हा वाटतं की विचारावं — कोण रे तू? नाव-गाव सांग. आमच्याकडे नाव न सांगता हाळी घालणाऱ्याला ओ देत नाहीत. हा तर नाव न सांगता आला, दुसऱ्याचं नाव लावून गेला, आणि माझी बोली बोलला. पहिल्या मेलमधलं बोलणं मी बोलले नव्हते. दुसऱ्यातलं बोलले होते. दोन्ही माझीच वाटतात. मला यातलं काही कळत नाही आणि कळल्याचं सोंग मी करणार नाही. कोणा वाचणाऱ्याला सर्व्हरमधलं कळत असेल तर मयूरीला लिहा. ती अजून शोधते आहे आणि डबा तसाच ठेवते.

मला पक्कं ठाऊक आहे ते एवढंच. त्या दिवशी पाइपाखाली काम करणारे आम्ही सगळे — दांडेकरसाहेब, वैशाली, लॅबमधले दोघे, बाळाराम, मयूरी आणि मी — जिवंत आहोत.